हँडलवरचा हात

मिरजोळ्याच्या कारखान्यात सावनी होडीच्या इंजिनांची माहितीपुस्तकं करायची. एकदा लिहिलेलं पान ती पुस्तकात, सीडीत, वेबसाइटवर आणि पुढच्या मॉडेललाही तसंच वापरायची.

'इंजिन चालू करणे' या पानावरच्या फोटोत हँडल धरलेला हात होता उमेर फिटरचा. उमेर समुद्रात बुडाला, त्यानंतर दर नव्या मॉडेलचं पुस्तक मागायला त्याची आई, साबेराचाची, यायची. ते पान उघडून हातावरनं बोट फिरवायची आणि म्हणायची, "पोरगा अजून कामावर हाय गो माझा."

२००४ च्या पुस्तकाची पानं चाचीने दोनदा उलटली. मग तिने सावनीकडे पाहिलं.




"चाची, हे इंजिन बटणावर चालू होतं."