बक्षिसी कुणाच्या हातची

शिसवी टेबल एकदाचं माडीवर आलं, तेव्हा निजाम आणि बहिरू या दोन्ही हमालांचे सदरे पाठीला चिकटले होते. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाच्या लिलावात तानुबाईने ते धूड घेतलं होतं. देवळाली कॅम्पातून ते बैलगाडीने आलं, आणि रविवार कारंज्यामागच्या या अरुंद जिन्यातून वर चढवताना दोघांनी मिळून त्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

टेबल खोलीच्या मधोमध उभं राहिलं. दोर मात्र तसाच बांधलेला. बक्षिसी हातात पडल्याशिवाय हमाल दोर सोडत नसत, आणि ती द्यायची घरधन्याने. नवं बिऱ्हाड असलं की कुणी दिली ते बघायला शेजारपाजारही डोकावे. ज्याने दिली त्यालाच मग घरमालकापासून वाण्यापर्यंत सगळे घरधनी मानत.

निजामने डोक्यावरची चुंबळ काढून झटकली आणि तानुबाईकडे न बघता दाराकडे पाहिलं. दारात तिचा धाकटा दीर, सावळीराम उभा होता. टेबलाला त्याने बोटसुद्धा लावलं नव्हतं, पण खिशात हात घालायला तो बरोबर वेळेवर हजर झाला होता.

"भावजी, राहू द्या," तानुबाई म्हणाली. "बक्षिसी मी देणार."

"वहिनी, लोक हसतील. घरात पुरुषमाणूस असताना बाईने द्यायची?"

"या घरात पुरुषमाणूस नाही."

सावळीराम हसला. जिन्यात दोन शेजारणी उभ्या होत्या, त्यांनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बायकांचे कपडे शिवायचं दुकान काढताय, काढा की. पण गल्ल्यावर कुणीतरी बसायला नको? ते मी बघणारच आहे." आणि त्याने अधेली काढून निजामपुढे धरली. आठ आणे! नेहमी दोन आण्यांवर अडून बसणारा माणूस.

नवरा गेल्यापासून तीन वर्षं तानुबाईने दिराच्या घरी बसून मशीन चालवलं होतं आणि मिळकत निमूटपणे त्याच्या हातावर ठेवली होती. ही अधेली निजामने घेतली की इथेही तेच. तिने पदराची गाठ सोडली, चार आण्यांची पावली काढली आणि हात पुढे केला.

निजाम भला माणूस होता, आणि तीच पंचाईत होती. "बाई, तुमच्याकडनं नको," तो खाली बघत म्हणाला. "एकट्या बाईकडनं नुसती मजुरी घ्यायची, वर काही नाही, असा आमच्यात रिवाज आहे. माझे अब्बाही घेत नव्हते."

दिराचा तोरा तिला नवा नव्हता. पण या भल्या माणसाची दया तिला फार लागली.

"चाचा, अधेली हाय ती," निफाडकडचा बहिरू हळूच म्हणाला. "आठ आनं कोन देतंय आजकाल? घ्या की."

निजामने अधेली घेतली.

"घेतलीत ना? बरं झालं," तानुबाई म्हणाली. "आता टेबल खाली उतरवा. यांच्या घरी नेऊन ठेवा."

"आँ?"

"यांनी बक्षिसी दिली, तर टेबल यांचं. मी जमिनीवर बसून कापड बेतीन."

"वहिनी, काय हा तमाशा!" सावळीराम ओरडला.

तानुबाईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने पावली कनवटीला लावली, पदर कमरेला खोचला, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि वाकून कडेखाली हात घातले. "उचला. या बाजूने मी धरते." तिने जोर लावला. टेबलाचा पाय फरशीवर कर्रकन् सरकला.

बहिरूने जिन्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "चाचा, लय वंगाळ जिना हाय. आता पुन्यांदा नाय."

निजामने तिच्याकडे पाहिलं. मानेच्या शिरा ताणलेल्या, हात काही सुटत नव्हते. मग तो सावळीरामकडे वळला. "शेठ, मजुरी कुणी ठरवली? देवळालीला उन्हात उभं राहून माझ्याकडून दोन आणे कमी करून घेतले ते या बाईंनी. तुम्ही कुठे होता?" त्याने अधेली परत सावळीरामच्या हातावर ठेवली. सावळीरामने ती मुठीत आवळली आणि शेजारणींमधून वाट काढत तो जिना उतरून गेला.

निजाम समोर आला तशी तानुबाईने टेबल सोडून कनवटीची पावली पुन्हा पुढे केली. तिच्या तळहातावरची पावली त्याने नीट बघितली. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचा भलेपणा गेला, आणि बाजारातल्या दर शेठजीपुढे तो चढवायचा ते आडमुठं तोंड तिथे आलं.

"पावलीत नाही भागत, बाई. जिन्याला दोन वळणं आहेत. सहा आणे पडतील."

"सहा?"

"या गल्लीत कुणालाही विचारा. सहाच्या खाली हात लावत नाही आम्ही."

तानुबाईला इतका आनंद झाला की तिचे डोळे भरून आले. तीन वर्षांत तिला घरधनी समजून कुणी असं अडून बोललं नव्हतं. सहा काय, दहा आणेही तिने हसत दिले असते. पण हातचं सोडायचं नाही, हे तिने त्याच क्षणी ठरवलं. मनगटाने डोळे पुसून ती ताठ उभी राहिली.

"पाच," ती म्हणाली. "त्यावर एक पैही मिळणार नाही."