खाटेवरचं सोंग

“मी नाही उठत! समुद्राला म्हणावं, आधी चपला बाहेर काढ, मग आत ये!”

खाटेवर मांडी ठोकून बसलेली म्हातारी हे म्हणाली आणि दारात आलेला सोंगाड्या जागीच थबकला. वाक्य त्याचं होतं. हात उडवायची लकबही त्याचीच. ‘काढ’नंतर श्वासभर थांबायची खुबीसुद्धा तिने जशीच्या तशी उचलली होती.

तीन वर्षं तो किनाऱ्यावरच्या गावोगावी हेच सोंग करत होता. पाणी चढतंय, सून विनवतेय आणि हट्टी म्हातारा काही खाट सोडत नाही, असं ते लोकनाट्य. वादळाचा इशारा आला की लोकांनी वेळेत घर सोडावं, म्हणून एका संस्थेने बसवून घेतलेलं. शेवटी म्हातारा बुडतो. पण तोवर लोक इतके हसलेले असत, की त्या बुडण्याकडे कुणाचं लक्षच नसे. संस्थेच्या बाई वहीत ‘प्रतिसाद उत्तम’ लिहून मोकळ्या होत. प्रतिसाद उत्तमच होता म्हणा. आता तो समोर खाटेवर बसला होता.

आज दुपारचा खेळ रद्द झाला होता. बंधारा फुटला होता आणि अख्खं गाव टेकडीवरच्या शाळेत हलत होतं. मंडळी सामान भरत असताना या म्हातारीची सून धावत आली. “सासूबाई कुणाचंच ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. तुमच्या खेळाला तीनदा येऊन गेल्यात,” म्हणाली. तो अर्ध्या रंगल्या तोंडानेच निघाला. गुडघे सकाळपासून ठणकत होते. गल्लीच्या तोंडाशी शेवटचा टेम्पो हॉर्नवर हॉर्न देत होता.

“आजी, बंधारा फुटलाय,” तो म्हणाला.

“हां! अगदी अस्संच म्हणते ती सून,” म्हातारी खूश झाली. “पुढं ती रडते. रड की!”

नाटकातल्या सुनेची विनवणी चांगली पाच मिनिटांची होती. त्यातलं एकही वाक्य त्याला आठवेना. तीन वर्षं तो ते ऐकत आला होता, पण आपली पाळी कधी येते एवढ्यापुरतंच. त्याला स्वतःची लाज वाटली.

“आजी, हसण्यावारी नेऊ नका. मी ते नुसतं हसवायला म्हणायचो.”

“मग हसतेय की मी!”

उंबऱ्याखालून पाणी आत आलं. आधी बोटभर रेघ, मग सगळी जमीन ओली. सोंगाड्याच्या अंगातलं त्राणच गेलं. किती गावं झाली, किती खेळ झाले, किती शिट्ट्या पडल्या. त्यातून एक माणूस तरी जागचा उठला असेल का? तो खाटेच्या कडेवर मटकन बसला.

“अहो, चला ना! टेम्पो निघेल,” सून कळवळली.

“तुम्ही व्हा पुढे.”

म्हातारीने टाळी वाजवली. “वा! हे नवीन घातलंस वाटतं?”

ती पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. पुढचं वाक्य आलं नाही. पाणी त्याच्या घोट्यांवर चढलं.

“अरे, पाय तरी वर घे.”

त्याने पाय वर घेतले नाहीत. म्हातारीने वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. निम्मं तोंड रंगलेलं होतं आणि उरलेल्या निम्म्यावर काहीच नव्हतं. तिचं हसू हळूहळू ओसरलं. ती घाबरली.

“घरी कोण आहे रे तुझ्या?”

“बायको.”

“मग तिला मी काय तोंड दाखवू? माझ्या खाटेवर बसून बुडला म्हणून सांगू?”

म्हातारी खाली उतरली. पाणी आता तिच्या पोटऱ्यांना लागत होतं. तिने त्याचा दंड धरून हिसडा दिला. “ऊठ. ऊठ म्हणते ना, मेल्या!” सून दुसऱ्या बाजूला झाली. दोघींनी मिळून त्याला ओढत गल्लीतून नेलं. म्हातारी वाटभर त्याला शिव्या घालत होती. घराकडे तिने एकदाही वळून बघितलं नाही.

टेम्पो टेकडीला लागला तरी तिने त्याचा दंड सोडला नव्हता. सून त्याच्या कानाशी वाकली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“तुमचे उपकार कसे फेडू! काय बेमालूम केलंत हो. क्षणभर मलाच वाटलं, तुम्ही खरंच बसलात.”

सोंगाड्याने बाहीने तोंडावरचा रंग पुसला.

“ते सोंग नव्हतं, ताई,” तो म्हणाला. “मला खरंच उठवत नव्हतं.”