स्क्रीनवरचा डाग

"हाही नको. याच्याही मधोमध राखाडी डाग आहे," म्हणत वैजयंतीने तिसरा लॅपटॉप बाजूला सारला. ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, रंग अचूक दाखवणारी स्क्रीन तिला हवीच होती. बाकी लॅपटॉप तिच्या मनात भरला होता. वहीइतका पातळ, पण झाकण दाबलं तरी लवत नव्हतं आणि बिजागरीही घट्ट होती.

विक्रेत्या मुलीने स्क्रीन पूर्ण पांढरी करून दाखवली. "मॅडम, कुठे आहे डाग?"

"हा काय!" तिने बोट टेकवलं. "हेरंब, तू सांग ना हिला."

नवऱ्याने चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं. "वैजू, स्क्रीन अगदी स्वच्छ आहे गं."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?" ती चिडून त्याच्याकडे वळली. त्याचे कान दिसले, पिकलेले केस दिसले. मधे, नाकडोळ्यांच्या जागी, तोच राखाडी डाग होता.

मुलगी चौथा लॅपटॉप काढू लागली. "राहू दे बाळा, स्क्रीन चांगली आहे," वैजयंती कशीबशी म्हणाली.

हेरंबचा चेहरा पाहायला तिला नजर दुसरीकडे वळवावी लागली. तेव्हा कुठे कडेने त्याचे भरून आलेले डोळे दिसले.