टिळेकरांची ठणठणीत प्रतिकृती

"तुमच्या प्रतिकृतीला मधुमेह नाही," रॉटरडॅमच्या विमा कार्यालयातलं यंत्र चौथ्यांदा म्हणालं.

पडद्यावर अकोल्याच्या टिळेकरांची हुबेहूब प्रतिकृती ठणठणीत उभी होती. व्हिसाच्या वेळी त्यांचं शरीर तपासून ती बनवली होती, आणि इथे औषध मिळायचं ते तिलाच तपासून.

"अहो, मला इन्सुलिन हवंय! पायाची जखम महिनाभर भरत नाहीये!" टिळेकर ओरडले.

"प्रतिकृतीच्या पायाला जखम नाही."

"बाबा, तपासणीआधी तीन महिने भात सोडून कारल्याचा रस कोण पीत होतं?" त्यांची मुलगी रेणुका फणकारली.

"तूच म्हणालीस, नाहीतर विमा नाकारतील!"

"प्रतिकृतीचं वजन जरा कमी आहे," यंत्र आपुलकीनं म्हणालं. "तुम्ही गोड खात जा."