जपानचं इंजिन

"इंजिन संपलंय," डेक्लन म्हणाला आणि फडक्याला हात पुसत राहिला.

चंद्रहासने तरीही बॉनेटखाली डोकं घातलं. आयर्लंडमधल्या ड्रोहेडाजवळच्या औषधांच्या कारखान्यात तो मोठमोठी यंत्रं सांभाळायचा, तेव्हा त्याला कळत नव्हतं असं नाही. ऑइल गळून गेलं होतं आणि इंजिन आतल्या आत चिकटलं होतं. पण कळत असूनही माणूस एकदा स्वतः बघून घेतोच.

डेक्लनचं गॅरेज गावाबाहेर होतं. त्याच्या मते गाडी भंगारात द्यावी. नाहीतर जपानहून वापरलेलं इंजिन मागवता येईल. तिकडच्या ठोकलेल्या गाड्यांची चांगली इंजिनं काढून बोटीने इकडे पाठवतात. वेळ लागेल, एवढंच.

वेळच तर नव्हता. चंद्रहासच्या बायकोच्या, सुमेधाच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. एक दिवसाआड डायलिसिस. तिला तिथे न्यायला हॉस्पिटलची टॅक्सी दारात यायची, तो प्रश्न नव्हता. प्रश्न फोनचा होता. कोणाची तरी किडनी मिळाली की ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलमधून फोन येणार आणि असाल तसे निघायचं. त्यांच्या आडबाजूच्या वसाहतीत अवेळी टॅक्सी मिळणं म्हणजे नशिबाचा खेळ. गाडी हवी म्हणजे हवीच.

नेमकी गाडी बंद पडली त्याच दिवशी सुमेधाची ब्युमॉन्टला मोठी तपासणी होती. तिला आणायला निघालेला चंद्रहास हायवेच्या कडेला अडकला आणि ती बिचारी एकटी बसने घरी आली. डॉक्टर काय म्हणाले असं त्याने विचारलं, तर चाललंय ते ठीक आहे म्हणाली. मग त्याने गाडीचं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज कापत होता.

तिने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"जपानचंच बसव," ती म्हणाली. "लागू दे वेळ. मला या गाडीत चढता-उतरता येतं."

चंद्रहासला एकदम बरं वाटलं. बायको इंजिनाचा विचार करतेय म्हणजे पुढचा विचार करतेय. त्याला स्वतःची किडनी देता आली नव्हती, तपासणीत त्यालाच मधुमेह निघाला. तेव्हापासून तो घरात पाहुण्यासारखा वावरायचा. पुढ्यात ठेवलं तर जेवायचा, नाहीतर तसाच झोपायचा.

क्लोनडॉकिनच्या विशालने, म्हणजे त्याच्या मित्राने, आपली जादाची गाडी देऊ केली. सुमेधाने गोड बोलून नको म्हटलं. लोकांची वस्तू, कुठे ओरखडा गेला तर? चंद्रहास चिडला. जीव मोठा की ओरखडा? पण ती बधली नाही.

गोड बोलण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. नाशिकला दोघांच्याही आईवडिलांना अजून डायलिसिसचा पत्ता नव्हता. दर रविवारी व्हिडिओ कॉलला ती पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालायची, लिपस्टिक लावायची आणि आयर्लंडच्या हवेला नावं ठेवायची. इतक्या लांबून ऐकून ते करणार काय, नुसते झुरतील, असं तिचं म्हणणं. चंद्रहासलाही ते पटायचं. कॉल संपला की तो तिला म्हणायचा, बाई, तू नाटकात जायला हवं होतंस.

बोट उशिरा आली. इंजिन आलं तर त्याचे सेन्सर जुळेनात, मग जुन्यावरचे काढून बसवावे लागले. चंद्रहास कामावरून सुटला की थेट गॅरेज गाठायचा. डेक्लनशी वाद घालायचा, चहा प्यायचा, स्वतः पाना हातात घ्यायचा. घरी येऊन दोन घास जास्त खायचा आणि खाता खाता इंजिनाचं पुराण लावायचा. सुमेधा हसून ऐकायची. प्रश्नही विचारायची.

तिचे पाय सुजत होते, चेहरा उतरत चालला होता. ते त्याला दिसायचं आणि तो विषय बदलायचा. एका गोष्टीवरून मात्र तो रागवायचा. तिचा फोन स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, डाळींच्या डब्यांशेजारी पडलेला असायचा, तोही आवाज बंद करून.

"अगं, फोन आला तर?"

"राहिलं रे," ती म्हणायची.

अखेर इंजिन बसलं. चंद्रहासने गाडीला हळद-कुंकू वाहिलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. डेक्लनने काही न विचारता ते चिरडत गाडी बाहेर काढली आणि "ग्रँड" एवढंच म्हणाला. इंजिनाचा आवाज ऐकून चंद्रहासला रडू आलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या हातून काहीतरी नीट झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि टॅक्सी नको सांगून सुमेधाला स्वतः डायलिसिसला नेलं. एरवी तो कामावर असायचा, त्यामुळे तिथली नर्स, ओर्ला, त्याला आजच भेटत होती. अनोळखी माणसाशी दोन शब्द न बोलणारा चंद्रहास, पण त्याने तिला सगळं सांगितलं. जपान, बोट, सेन्सर, डेक्लन. आता ब्युमॉन्टचा फोन कधीही येऊ दे, आपण तयार आहोत, असंही सांगितलं.

ओर्लाचे हात थांबले. तिने सुमेधाकडे बघितलं, मग पडदा ओढून ती बाहेर गेली.

"हिला काय झालं?" चंद्रहासने विचारलं.

"बस जरा." सुमेधाने त्याचा हात धरला. "माझं हृदय किडनी बसवायचं ऑपरेशन सोसणार नाही, चंद्रहास. फोन यायचा नाही. मी बसने एकटी घरी आले ना, त्याच दिवशी डॉक्टरांनी मला सांगितलं."