प्रभूची मूठ

भात पुन्हा कमी पडला.

रिनपुईने स्वतःच्या ताटात खरवड ओढली आणि वर पालेभाजीचं भरपूर पाणी ओतलं, म्हणजे कुणाच्या डोळ्यावर यायला नको. पण सासूच्या नजरेतून सुटेल तर ती पी थानचुंगी कसली!

"मुआनाची आई, घरात माणसं किती, मोजता येतात ना?"

"मापाने घेतले होते, आई."

"मग तांदळाला काय पाय फुटले? खालच्या गावाला चालत गेले?"

खालच्या गावात रिनपुईचं माहेर. विधवा आई तिथे एकटीच राहायची. रिनपुईने हातातला घास ताटात ठेवला. हाताला चव नाही म्हटलं तर सोसता येतं, पण चोरीचा आळ? नवरा ट्रक घेऊन ऐजॉलला गेलेला. सासरे खाली मान घालून जेवत राहिले.

पी थानचुंगी, म्हणजे थानचुंगीबाई, चर्चच्या महिला संघाची पुढारी होती. दर बुधवारी गावातल्या आया पोरं पाठीला बांधून तिच्याभोवती बसायच्या. करपलेलं पातेलं राखेचं पाणी घालून रात्रभर ठेवा, घासायचे कष्ट वाचतात. बाळाची दुपटी चुलीच्या धुरात वाळवू नका, अंगावर पुरळ येतं. आणि थकलात, रडू आलं, तर भांडी घासता घासता प्रार्थना करा, प्रभूला त्या आवाजातही ऐकू येतं. बायांना धीर यायचा.

"आणि प्रभूची मूठ विसरू नका," ती शेवटी बजावायची. "मापलेल्या तांदळातली पहिली मूठ त्याच्या डब्यात, मगच चूल. टाकलीत की गप्प राहायचं. देवाला दिलेल्याची कुणी दवंडी पिटतं का?"

रिनपुई भाजीत मीठ विसरायची. एकदा तर पोराला आंघोळ घालून टोपडं चुलीवरच्या फळीवर विसरली होती. पण ती मूठ कधी चुकली नाही. सुपात तांदूळ घ्यायचे, एक मूठ डब्यात टाकायची, की मुआना रडलाच. त्याचं दुपटं बदलून, लाकडं घेऊन ती परत येईपर्यंत सासू विस्तव बघून गेलेली असायची, सासरे पाइपसाठी निखारा नेऊन गेलेले असायचे. मग तांदूळ धुवायचे. वरून आणखी घालावेत, तर पोत्यावर सासूचा पहारा.

महिनाअखेरच्या रविवारी उपासनेनंतर घराघरांतले डबे चर्चमध्ये जमा झाले. तांदूळ मापणाऱ्या पी रोखुमीने थानचुंगीच्या घरचा डबा उचलला आणि ती ओरडलीच, "अगं बाई, हा तर झाकण ढकलून वर आलाय! अख्ख्या गावात पहिला!"

टाळ्या पडल्या. "मुआनाची आई, सांग ना आम्हाला," बाया म्हणाल्या, "एवढ्याशा घरातून एवढं कसं काढलंस?"

रिनपुई गोंधळली. "मी... एकच मूठ टाकते."

"बघा, पोरीच्या अंगी तोरा म्हणून नाही!" रोखुमी म्हणाली, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

तेवढ्यात पी थानचुंगी उठली. "बायांनो, मी तुम्हाला शहाणपण शिकवते, आणि घरात हिच्यावर आळ घेतला. म्हटलं, तांदूळ माहेरी धाडते. ही तर प्रभूला देत होती, वर स्वतः खरवड खात होती." तिने सगळ्यांदेखत सुनेचे हात हातात घेतले. "मला क्षमा कर, पोरी. आजपासून चूल तुझी, पोतंही तुझं."

रिनपुई ताठ मानेने घरी आली. वाटेत जी भेटली तिने तिचं कौतुक केलं. इतकं सुख तिला सासरी आल्यापासून मिळालं नव्हतं. पण गुळाचा चहा ओतताना तिला राहवेना.

"आई, फुकटचं श्रेय मला नको. मी खरंच एकच मूठ टाकत होते."

पी थानचुंगीने कप खाली ठेवला.

"आता बोलायलाच हवं," ती पुटपुटली. "मला वाटायचं, मीठ विसरणारी पोर प्रभूलाही विसरत असणार. म्हणून तुझी पाठ वळली, की मी गुपचूप एक मूठ..."

सासऱ्यांना जोराचा ठसका लागला. त्यांनी पाइप तोंडातून काढला आणि एकदा बायकोकडे, एकदा सुनेकडे पाहिलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "तुम्ही दोघीही टाकत होता?"