मामाची अट

आपल्यामागे गतिमंद धाकट्या भावाची आबाळ होऊ नये, म्हणून ताई ट्रस्ट करत होती. वकिलांनी विचारलं, "विश्वस्त कोण?" "बँक," ती म्हणाली. लेकीवर ओझं टाकायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. लेक मात्र मामाच्या गळ्यातल्या शिट्टीकडे पाहत होती. "आई, तू कामावर असायचीस. शाळा सुटली की मामा फाटकाशी हजर! भर रस्त्यात शिट्टी फुंकून गाड्या थांबवायचा. ड्रायव्हर शिव्या घालायचे, हा त्यांना सलाम ठोकायचा." ताईला हसता हसता भरून आलं. गाणी म्हणत घरी येणारी जोडगोळी तिला पुन्हा दिसली. "विश्वस्त मीच होणार," लेक म्हणाली. ताईला 'नाही' म्हणवेना. वकिलांनी मामाला विचारलं, "ताईनंतर तुमचं सगळं भाची बघेल. चालेल?" मामानं बराच विचार केला. "चालेल. पण रस्ता ओलांडताना तिनं माझा हात सोडायचा नाही."